तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा चर्चच्या कॉलेजांना खेळाचं एवढं काय?

पुण्याहून, नाशिकहून, आणि अलीकडे न्यू जर्सी-टेक्सासमधल्या मराठी ओळखीच्यांकडूनही मला हा प्रश्न फिरून फिरून येतो. घरातला मुलगा किंवा मुलगी बारावीला असते. कॉलेजांच्या यादीत मिशिगनचं किंवा आयोवाचं एखादं छोटं ख्रिस्ती कॉलेज असतं. माहिती काढायला गेलं की सुरुवातीला देवाचं नाव, आणि लगेच खाली बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, पोहणं, गोल्फ, लक्रॉस, क्रॉस कंट्री. मग फोन येतो, "अहो, विद्यार्थी जेमतेम तीन हजार, त्यात धार्मिक कॉलेज. यांना इतके संघ कशाला? शिकवतात कधी?"

मी पश्चिम मिशिगनमध्ये राहते. इथे पन्नासेक किलोमीटरच्या अंतरावर अशी दोन कॉलेजं आहेत: हॉलंड गावातलं होप आणि ग्रँड रॅपिड्समधलं केल्विन. हिवाळ्यात त्यांच्या मॅच बघणं हा आमच्या घरचा नेम आहे. तेव्हा उत्तर याच दोघांच्या आधारानं देते. थोडक्यात सांगायचं तर या कॉलेजांत खेळ हे चर्च, गाव आणि वर्ग यांना एकत्र धरून ठेवणारं काम आहे, आणि आज कित्येक ठिकाणी प्राध्यापकांचे पगारही त्याच्या जोरावर निघतात. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर.

१८४७च्या फेब्रुवारीत आल्बर्टस व्हॅन राल्टे नावाचा डच पाद्री आपल्या लोकांना घेऊन मिशिगन सरोवराच्या काठच्या जंगलात उतरला. नेदरलँड्समध्ये सरकारमान्य चर्चमधून हे लोक १८३४ साली बाहेर पडले होते, त्यापायी त्यांनी त्रास सोसला होता. त्यात बटाट्याची पिकं गेलेली, पोटाचे हाल. इथे त्यांनी झाडं तोडून गाव वसवलं, आणि चारच वर्षांत, १८५१ साली, शाळा काढली. व्हॅन राल्टे त्या शाळेला आपल्या लोकांच्या भविष्याचा आशेचा नांगर म्हणायचा (जहाज धरून ठेवतो तो; आशा म्हणजे इंग्रजीत 'होप'). त्याच शाळेचं १८६६ साली होप कॉलेज झालं. पहिल्या तुकडीत आठ विद्यार्थी होते. पुढे १८७१च्या ऑक्टोबरात, शिकागो जळत होतं त्याच सुमारास, हॉलंड गावही आगीत गेलं. कॉलेज मात्र वाचलं.

तोवर या लोकांत फूट पडलेली होती. व्हॅन राल्टेनं १८५० साली आपल्या मंडळ्या, म्हणजे एकेका ठिकाणचे भाविकांचे गट, न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या जुन्या डच चर्चमध्ये, म्हणजे रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिकामध्ये, सामील केल्या होत्या. काहींना ते रुचलं नाही. पूर्वेकडचे लोक बायबलमधली स्तोत्रसंहिता सोडून नवी गीतं गातात, प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) बाहेरच्यांनाही बोलावतात, मुलांना धर्मशिक्षण धड देत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १८५७ साली चार मंडळ्या वेगळ्या झाल्या. त्यातून ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च उभं राहिलं. त्यांना आपले पाद्री आपणच घडवायचे होते, म्हणून १८७६ साली ग्रँड रॅपिड्समध्ये एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, एक शिक्षक आणि सात विद्यार्थी घेऊन वर्ग सुरू झाला. तेच आजचं केल्विन. २०१९पासून ते युनिव्हर्सिटी म्हणवतं.

आपल्याकडे बांधावरून दोन भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, पण आडनाव, कुलदैवत आणि जेवणाची चव तीच राहते; इथे नेमकं तसंच झालं. दोन्हीकडे तीच डच आडनावं, तीच श्रद्धा, रविवारी दुकान बंद ठेवणारी तीच माणसं. पण एका चर्चच्या घरातली मुलगी दुसऱ्या चर्चमध्ये द्यायची तर पूर्वी घरोघर चर्चा व्हायची, असं इथल्या जुन्या माणसांकडून मी ऐकलंय. ही दोन घरं समोरासमोर यायची जागा फारशी उरली नव्हती. ती जागा बास्केटबॉलनं दिली. शंभर वर्षांहून जास्त काळ होप आणि केल्विन एकमेकांशी खेळतायत.

हा खेळही या मंडळींना परका नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. १८९१च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या, प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथनं बास्केटबॉल शोधला. नेस्मिथ कॅनडाचा, मॉंट्रियलला धर्मशास्त्र शिकलेला. त्याचा वरिष्ठ ल्यूथर गुलिक हा हवाईतल्या मिशनऱ्यांचा मुलगा. आत्मा, मन आणि शरीर अशा तीन बाजूंचा जो त्रिकोण वायएमसीएच्या खुणेत दिसतो, तो या गुलिकचा. थंडीत पोरांना घरात कोंडून कवायती करून घेण्याचा सगळ्यांना कंटाळा आला होता. गुलिकनं नेस्मिथला सांगितलं, आत खेळता येईल असं काहीतरी काढ. नेस्मिथनं पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि वर्गातल्या अठरा जणांना नऊ-नऊ असं वाटून दिलं.

हा खेळ चर्चच्या आणि वायएमसीएच्या वाटेनंच पसरला. पेन्सिल्व्हेनियातल्या जिनीवा या छोट्याशा प्रेस्बिटेरियन पंथाच्या कॉलेजानं १८९३च्या एप्रिलात शेजारच्या न्यू ब्रायटनच्या वायएमसीएशी मॅच खेळली, म्हणून ते स्वतःला कॉलेज बास्केटबॉलचं जन्मगाव म्हणवतं. दोन कॉलेजांत झालेली पहिली मॅच १८९५च्या ९ फेब्रुवारीची, मिनेसोटातली: हॅमलिन या मेथडिस्ट पंथाच्या कॉलेजाला शेतकी शाळेनं ९–३ असं हरवलं. हॅमलिनला हा खेळ आणणारा रे केन हा नेस्मिथच्या त्या पहिल्या वर्गातला होता. म्हणजे आज ज्यांना आपण "एवढंसं कॉलेज" म्हणतो, ती कॉलेजं या खेळाच्या पाळण्याशी होती. आपल्याकडेही हा प्रवाह त्याच वाटेनं आला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ घेऊन तेच गेले.

आता थोडं वळण घेते, कारण हे आपल्या घरचं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ कोपऱ्यात विल्यम्स नावाचं कॉलेज आहे. १८०६ साली तिथले काही विद्यार्थी शेतात प्रार्थना करत असताना वादळ आलं आणि ते गवताच्या गंजीआड बसले. तिथेच परदेशात मिशन न्यायचं ठरलं, असं त्या कॉलेजाचा इतिहास सांगतो. त्याच विल्यम्समधून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल १८१३च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरला. हीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. या मिशननं मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली. पुढे सिंथिया फरार यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जी शाळा चालवली ती जोतीराव फुल्यांनी जाऊन पाहिली होती. हॉल हे सगळं बघायला राहिला नाही. १८२६ साली नाशिककडे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती, तिथे जवळची औषधं वाटून परतताना वाटेत त्यालाही पटकी झाली आणि तो गेला.

या विल्यम्सशी भांडून निघालेल्या लोकांनी १८२१ साली अॅमहर्स्ट कॉलेज काढलं, गरीब पण धार्मिक आणि हुशार मुलांना पाद्री बनवायला. आणि १८५९च्या १ जुलैला पिट्सफील्ड गावात या दोन कॉलेजांनी अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल मॅच खेळली. अॅमहर्स्ट ७३–३२ असं जिंकलं. लगेच पुढे दोघांत बुद्धिबळाचीही लढत झाली. दोनच वर्षांनी, १८६१ साली, अॅमहर्स्टनं एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरांकडे आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग दिला. मुलं अभ्यासानं खंगून जातायत, ही तिथल्या प्राचार्यांची काळजी होती. ज्या बाकांवरून मुंबई-नगरला शिक्षक आले, त्याच बाकांवरून कॉलेजांमधल्या बेसबॉलची सुरुवात झाली. विल्यम्स आणि अॅमहर्स्ट आता चर्चची राहिलेली नाहीत. पण धार्मिक कॉलेजात खेळ कशाला, असं कुणी विचारलं की मला हा १८५९चा उन्हाळा आठवतो.

आता हॉलंडला परत येऊ. होपचं डेव्होस फील्डहाउस २००५ साली बांधलं, केल्विनची व्हॅन नूर्ड अरीना २००९ची. केल्विनच्या अरीनात पाचेक हजार माणसं बसतात. या दोघांची मॅच असली की तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. विद्यार्थी एका बाजूला उभेच असतात, दोन तास कुणी टेकत नाही. समोरच्या बाजूला आजी-आजोबा घरून आणलेल्या गाद्या टाकून बसतात. त्यातले कित्येक जण पन्नास-पन्नास वर्षं या मॅच बघतायत. फ्री थ्रो घेणाऱ्या पोराचं आजोळ समोरच्या कॉलेजचं असतं, आणि आजोळची माणसं त्याचा नेम चुकावा म्हणून हात हलवत असतात. मॅच संपली की दोन्ही संघ रांगेनं हात मिळवतात, आणि बऱ्याचदा मैदानाच्या मधोमध गोल करून एकत्र प्रार्थना करतात. मी हिंदू घरातली. पण आताच एकमेकांच्या कोपराचे धक्के खाल्लेली, घामानं निथळणारी वीस-बावीस पोरं डोकं खाली घालून उभी राहतात तेव्हा मलाही हात जोडावेसे वाटतात.

आणि ही पोरं नुसती हौशी आहेत असं समजू नका. केल्विनच्या मुलांनी १९९२ आणि २००० साली बास्केटबॉलमध्ये आपल्या विभागाचं (विभागांचं पुढे सांगते) राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. होपच्या मुलींनी १९९०, २००६ आणि २०२२ साली. २०२०च्या मार्चमध्ये होपच्या मुली २९ मॅच खेळून एकही हरल्या नव्हत्या, आणि कोरोनामुळे स्पर्धा मधेच बंद पडली. त्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना तो करंडक कधीच मिळाला नाही. आमच्या गावात अजून त्याची हळहळ आहे. व्हॉलीबॉलमध्ये केल्विनच्या मुलींनी २०१०, २०१३ आणि २०१६ साली राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मधल्या २०१४ साली ते होपनं नेलं.

होपचा एक खेळ मात्र मला या सगळ्यांपेक्षा आवडतो: रस्सीखेच. त्याला तिथे नुसतं 'पुल', म्हणजे ओढ, म्हणतात. हा खेळ १८९८ साली सुरू झाला. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ब्लॅक नदीच्या दोन काठांवरून एकच दोर ओढतात. आपल्या शाळेतल्यासारखं उभ्यानं नाही. दोन्ही काठांवर अठरा-अठरा खड्डे खणलेले असतात. ओढणारा त्यात उतरतो, पाय खड्ड्याच्या भिंतीला रोवतो आणि दोर कमरेशी घट्ट धरून पाठीवर मागे पडतो. त्याला आभाळाशिवाय काही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाच्या शेजारी एक सोबती वाकून बसलेला असतो. कोचच्या हाताच्या खुणा बघून तो कधी ओढायचं, कधी नुसतं धरून ठेवायचं ते ओरडून सांगतो, पाणी पाजतो, हिंमत देतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिसऱ्या वर्षाची मुलं शिकवतात आणि दुसऱ्याला चौथ्याची, म्हणून सम आणि विषम सालांची घराणीच पडलीयत. १९७७ साली हा दोर तीन तास एक्कावन्न मिनिटं ओढला जात होता, आणि तरी निकाल लागला नाही. यात स्कॉलरशिप नाही, टीव्ही नाही. तरी पोरं आठवडेच्या आठवडे तयारी करतात, हाताची सालं निघतात. खेळ इथे कशासाठी आहे हे समजून घ्यायचं असेल तर त्या काठावर एकदा उभं राहा.

आता पैशाचं. फोनवर लोक खरं तर इथेच अडकलेले असतात, कारण अमेरिकेत खेळला की फी माफ, असा समज आहे. अमेरिकेतले कॉलेजांचे खेळ चालवणारी एक संघटना म्हणजे एनसीएए; तिचे तीन विभाग आहेत. टीव्हीवर दिसतो तो पहिला. होप आणि केल्विन तिसऱ्या विभागात आहेत. त्यात चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, म्हणजे संख्येनं तोच सगळ्यांत मोठा, आणि तिथे खेळासाठी एक पैही देता येत नाही. मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. ती ठरवताना मूल खेळतं का, हे बघायला मनाई आहे. म्हणजे तिथला प्रत्येक खेळाडू फी भरणारा विद्यार्थी असतो. हे ध्यानात घेतलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. तीन हजारांच्या कॉलेजात वीस संघ असले, तर ते वीस कोच गावोगाव हिंडून विद्यार्थी आणत असतात. त्यांच्या शब्दावर पोरं येतात आणि चार वर्षं टिकतात.

केल्विननं शंभर वर्षांहून जास्त काळ अमेरिकन फुटबॉलला दाराबाहेर ठेवलं होतं. २०२४ साली त्यांचा पहिला फुटबॉल संघ मैदानात उतरला. विद्यार्थीसंख्या वाढवणं हे त्यामागचं उघड कारण होतं. फुटबॉलचा एक संघ म्हणजे शंभरेक मुलं. मला त्याचं मनापासून बरं वाटलं नाही. ती ताकद नव्या प्रयोगशाळेत किंवा संगीताच्या विभागात जावी, असं मला वाटत होतं. पण आजूबाजूला काय चाललंय ते दिसतंच. मिशिगनच्याच उत्तर टोकाला फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या समाजानं १८९६ साली काढलेलं कॉलेज, पुढचं फिनलँडिया युनिव्हर्सिटी, २०२३ साली बंद पडलं. त्याच वर्षी आयोवा वेस्लियन गेलं. ते १८४२चं, मेथडिस्ट. १९८९ ते १९९१मध्ये हॅल ममी आणि माइक लीच या दोन कोचनी तिथे सतत चेंडू फेकत राहण्याची जी फुटबॉलची पद्धत बसवली, ती आज सगळ्या देशात खेळतात. त्या पद्धतीचं माहेर असलेलं कॉलेज मात्र उरलं नाही. अशा काळात कॉलेज जगवायला कुणी फुटबॉल आणत असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

दुसरी संघटना आहे एनएआयए. तिथे छोट्या ख्रिस्ती कॉलेजांचा भरणा मोठा, आणि खेळाची स्कॉलरशिप देता येते, बहुधा अर्धीमुर्धी. तिची सुरुवात १९३७ साली कॅन्सस सिटीतल्या एका बास्केटबॉल स्पर्धेतून झाली. कॅन्ससमधल्या बेकर या मेथडिस्ट कॉलेजचे एमिल लिस्टन आणि म्हाताऱ्या नेस्मिथनं मिळून ती उभी केली. या संघटनेची एक गोष्ट मी पोरांना आवर्जून सांगते. तिथे काळ्या खेळाडूंना बंदी होती. १९४७ साली इंडियाना स्टेटचे कोच जॉन वुडन यांनी, आपल्या संघातल्या क्लॅरेन्स वॉकरला खेळू देणार नसाल तर आम्ही येत नाही, म्हणून आमंत्रण परत केलं. पुढच्या वर्षी मॅनहॅटन या कॅथलिक कॉलेजानंही बंदी उठल्याशिवाय यायला नकार दिला. बंदी उठली आणि १९४८ साली वॉकर त्या स्पर्धेत खेळला. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कितीतरी कॉलेजांनी त्याआधी दहा वर्षं ती बंदी निमूट पाळली होती, हेही मी त्यांना सांगते.

धर्माबद्दल विचारता, म्हणून तेही. होप आणि केल्विन दोन्हीकडे चॅपलला, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनेला, जाणं ऐच्छिक आहे. सगळीकडे तसं नसतं. केल्विनचे संघ रविवारी खेळत नाहीत, आणि राष्ट्रीय स्पर्धेतही अशा कॉलेजांसाठी वेळापत्रक सांभाळून घेण्याची सोय आहे. आपल्या मुलांना तिथे कुणी बाटवायला बसलेलं नाही. वेल्लोरचं जे हॉस्पिटल आपण इतकं मानतो, ते उभं करणाऱ्या आयडा स्कडर होपच्याच रिफॉर्म्ड चर्चच्या मिशनमधल्या होत्या. पण बायबलचा एखाद-दुसरा विषय घ्यावा लागतो, तो मन लावून शिकायची तयारी हवी.

तेव्हा तुमच्या मुलीला एखाद्या कोचची मेल आली असेल, तर हुरळून जाऊ नका आणि हिणवूही नका. कोचला सरळ विचारा: संघात किती मुली आहेत आणि त्यातल्या प्रत्यक्ष किती खेळतात? पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी चौथ्या वर्षी किती उरतात? प्रयोगशाळेचा तास आणि सराव एकाच वेळी आला तर काय करायचं? कॉलेज एनएआयएचं असेल तर दुखापत झाल्यावर स्कॉलरशिपचं काय होतं, ते लेखी मागा. तिसऱ्या विभागात तो प्रश्नच येत नाही. गुडघा गेला तरी मदत तेवढीच राहते, कारण ती मुळात गुडघ्यासाठी दिलेली नसते. मग कॉलेजचे गेल्या पाच वर्षांचे विद्यार्थीसंख्येचे आकडे बघा. आणि जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीत इकडे या. बर्फ असतं, जाड कोट आणा. मॅचची तिकिटं मी काढून ठेवते.